मंत्र्यांनी स्थगिती दिली, तरी नोटीस आली: खात्याचा नियम कोण थांबवू शकतं, कोण नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या एमआयडीसीत डाळमिल आहे. एका खात्याने कारखान्यांसाठी नव्या अटी आणि वाढीव फी लागू केली. संघटनेचं शिष्टमंडळ पालकमंत्र्यांना भेटलं, त्यांनी अधिकाऱ्यांना फोन केला. पुढे संबंधित खात्याच्या मंत्र्यांच्या कार्यालयातून 'पुढील आदेशापर्यंत स्थगिती' असं पत्रही निघालं. तरी दोन महिन्यांनी नोटीस आलीच. मंत्र्यांनी थांबवलेली गोष्ट अधिकारी पुन्हा कशी लागू करतो, आणि नियम बदलून घ्यायचा तर जायचं कुठे?

भाऊ, नोटीस काढणारा अधिकारी बहुधा बरोबर आहे आणि तुमच्या हातातलं स्थगितीचं पत्र बहुधा कामाचं नाही. मंत्री मोठे की अधिकारी, यावर हे ठरत नाही. मूळ कागद कोणत्या अधिकारातून निघाला, यावर ठरतं. ज्या रस्त्याने कागद आला त्याच रस्त्याने तो मागे जातो. म्हणून कुणाचंही दार ठोठावण्याआधी तो कागद समोर घ्या आणि त्याचा पहिला परिच्छेद नीट वाचा.

मुंबईहून किंवा पुण्याहून आलेल्या प्रत्येक कागदाला आपल्याकडे सरसकट 'जीआर' म्हणतात. प्रत्यक्षात त्यांची वजनं वेगवेगळी असतात. सर्वांत वर विधिमंडळाने केलेला अधिनियम. त्याखाली, त्या अधिनियमातल्या नियम करण्याच्या कलमाचा आधार घेऊन सरकारने केलेले नियम. ते राजपत्रात छापले जातात आणि त्यांचं पहिलंच वाक्य 'अमुक अधिनियमाच्या कलम अमुकद्वारे प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून' अशा धर्तीचं असतं. महाराष्ट्राच्या स्वतःच्या अधिनियमाखालचे नियम राजपत्राच्या भाग चार-ब मध्ये, केंद्राच्या अधिनियमाखाली राज्याने केलेले भाग चार-अ मध्ये, आणि उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाचे भाग एक-ल मध्ये शोधा. वीज नियामक आयोगासारखी संस्था स्वतः करते ते विनियम. बाजार समिती करते ते उपविधी, आणि त्यांना पणन संचालकांची मंजुरी लागते. या सगळ्यांना कायद्याचं बळ आहे.

शासन निर्णय, म्हणजे खरा जीआर, हा वेगळा प्राणी. तो संविधानाच्या अनुच्छेद १६२ खालच्या कार्यकारी अधिकारातून निघतो. त्यावर १८ आकडी संकेतांक असतो आणि पहिले आठ आकडे तारीख सांगतात. परिपत्रक त्याहून खालचं, बहुतेक वेळा खात्याने आपल्याच अधिकाऱ्यांना दिलेली सूचना. नियमात जिथे काहीच सांगितलेलं नाही तिथे शासन निर्णय ती जागा भरू शकतो, पण नियमाच्या विरोधात जाऊ शकत नाही. संत राम शर्मा विरुद्ध राजस्थान (१९६७) या निकालापासून हे पक्कं आहे.

फीच्या बाबतीत हा फरक सर्वांत जास्त उपयोगी पडतो. अधिनियमात 'विहित करण्यात येईल अशी फी' असे शब्द असतील तर ती फी नियमाने ठरवावी लागते. आयुक्तांच्या किंवा मंडळाच्या नुसत्या परिपत्रकाने ती वाढली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तीच वाढ राजपत्रातल्या नियमदुरुस्तीने झाली असेल तर परिपत्रकावर वाद घालून काही मिळणार नाही, कारण परिपत्रक फक्त ती वाढ कळवत असतं. बरेच जण परिपत्रकाला आव्हान देतात, मूळ अधिसूचनेला देत नाहीत, आणि तिथेच हरतात.

आता स्थगिती. राजपत्रात छापलेला नियम मंत्र्यांच्या पत्राने थांबत नाही. महाराष्ट्र सर्वसाधारण खंड अधिनियम, १९०४ चं कलम २१ सांगतं की नियम करण्याच्या अधिकारातच तो बदलण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार येतो, पण तो त्याच रीतीने आणि त्याच अटी पाळून वापरायचा. मसुदा, हरकती, विधी व न्याय विभागाची तपासणी आणि राजपत्र अशा वाटेने आलेला नियम रद्द करायलाही हीच वाट. मधल्या काळात कार्यालयातून 'कार्यवाही करू नये' असं पत्र गेलं तर खालचा अधिकारी काही आठवडे गप्प बसतो. मग लेखापरीक्षण येतं, अधिकारी बदलतो किंवा कुणी तक्रार करतं, आणि थकबाकी व्याजासकट निघते. त्या दिवशी ते पत्र दाखवून सुटका होत नाही. दोन वर्षांची वसुली एकदम अंगावर येते, ती अशा स्थगितीवर विसंबून बसल्यामुळे.

फोनची गोष्ट तर आणखी कच्ची. पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोर्धनदास भानजी हा सर्वोच्च न्यायालयाचा १९५१ चा निकाल आजही चालतो. अंधेरीत चित्रपटगृह बांधायची परवानगी पोलीस आयुक्तांनी दिली होती आणि सरकारच्या सांगण्यावरून ती रद्द झाली. न्यायालय म्हणालं, कायद्याने ज्याच्या हातात निर्णय दिला त्यानेच तो स्वतःच्या विचाराने घ्यायचा. वरून आलेला हुकूम पुढे पोचवणं म्हणजे निर्णय घेणं नव्हे. हा नियम दोन्हीकडे कापतो हे लक्षात ठेवा. वरच्या दबावाने तुमचा परवाना गेला तर तो आदेश टिकत नाही. वरच्या दबावाने तुम्हाला परवाना मिळाला तर तोही प्रतिस्पर्धी पाडू शकतो.

पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, जिल्ह्यात त्यांचं वजन असतं. पण कारखान्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कुठल्याही कायद्याखाली 'पालकमंत्री' म्हणून त्यांच्याकडे अधिकार नसतो. मुख्यमंत्र्यांनाही संविधानाच्या अनुच्छेद १६६(३) खालच्या शासन कार्यनियमावलीची, म्हणजे कोणता विषय कुणाकडे हे ठरवणाऱ्या नियमांची, चौकट आहे. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या नोकरभरतीला मुख्यमंत्र्यांनी दिलेली स्थगिती मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२३ मध्ये रद्द केली. दुसऱ्या मंत्र्याकडे सोपवलेल्या विषयात असा हस्तक्षेप करण्याचा स्वतंत्र अधिकार कार्यनियमावली मुख्यमंत्र्यांना देत नाही, हे त्यामागचं कारण होतं. तेव्हा मंत्र्यांकडे जाताना हा विषय कार्यनियमावलीप्रमाणे कोणत्या विभागाचा, आणि या अधिनियमात 'राज्य शासन' म्हणून नेमकं काय करता येतं, हे दोन प्रश्न आधी सोडवून जा.

मंत्र्यांच्या हाती कायदेशीर दोऱ्या असतातच, फक्त त्या ठराविक कलमांत बांधलेल्या असतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उदाहरण सविस्तर घेतो, कारण खान्देशातल्या डाळमिल, जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरण्या, प्लास्टिक पाइप आणि चटईचे कारखाने या सगळ्यांचा त्याच्याशी संबंध येतो. जल अधिनियम, १९७४ च्या कलम १८ प्रमाणे राज्य मंडळ राज्य सरकारच्या निदेशांना बांधलेलं आहे, पण निदेश लेखी हवेत. राज्याचा निदेश केंद्रीय मंडळाच्या निदेशाशी जुळत नसेल तर मामला केंद्र सरकारकडे जातो. म्हणजे 'या वर्गातल्या लघुउद्योगांसाठी तपासणीची पद्धत अशी ठेवा' असा लेखी धोरणात्मक निदेश सरकारकडून मागता येतो. 'अमुक मिलवर कारवाई नको' असा मागू नये. तो काढला तरी टिकणार नाही.

एखाद्या कारखान्याची संमती, म्हणजे मंडळाची परवानगी, नाकारली किंवा जाचक अट घातली तर कलम २८ खाली राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. कलम २९ खाली सरकार स्वतःही मंडळाचा आदेश तपासू शकतं. मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमात मेख आहे: जिथे अपील करता येत होतं पण केलं नाही, किंवा अपील अजून चालू आहे, तिथे सरकारला तो आदेश फिरवता येत नाही. लोक ३० दिवस मंत्रालयाच्या चकरा मारण्यात घालवतात, अपिलाची मुदत जाते आणि सरकारचाही हात बांधला जातो. आधी अपील दाखल करा, आवक क्रमांक घ्या, मग कुणाला भेटायचं त्याला भेटा. कारखाना बंद करण्याचा किंवा वीज तोडण्याचा आदेश कलम ३३अ खालचा असेल तर वाट वेगळी. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं पीठ, आणि तिथेही ३० दिवस.

याच अधिनियमातली आणखी एक तरतूद फारशी कुणी वापरत नाही. संमतीचा अर्ज सर्व बाबतीत पूर्ण असेल आणि चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर कलम २५(७) प्रमाणे संमती मिळाल्याचं मानलं जातं. 'सर्व बाबतीत पूर्ण' इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मंडळाने तीन महिन्यांनी त्रुटी काढली की आधीची गणती हातची जाते. म्हणून अर्ज भरताना भांडवली गुंतवणुकीचं सनदी लेखापालांचं प्रमाणपत्र, पाण्याचा ताळेबंद, यंत्रांची क्षमता आणि कच्च्या मालाचं रोजचं प्रमाण हे आकडे एकमेकांशी जुळवा. उद्यम नोंदणीत गुंतवणूक एक आणि संमतीच्या अर्जात दुसरी, ही त्रुटी हमखास निघते.

विजेचं गणित निराळं. दर ठरवणारा महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्वतंत्र संस्था आहे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम १०८ प्रमाणे सार्वजनिक हिताच्या धोरणात्मक बाबींत राज्य सरकार आयोगाला लेखी निदेश देऊ शकतं आणि आयोगाने त्यांचं मार्गदर्शन घ्यायचं. दर अमुक ठेवा, असा हुकूम सोडता येत नाही. सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर कलम ६५ प्रमाणे अनुदानाची रक्कम आगाऊ भरावी लागते. दरवाढीच्या आदेशाविरुद्ध अपील ४५ दिवसांत वीज अपील न्यायाधिकरणाकडे. विनियमच चुकीचा आहे असं म्हणायचं असेल तर तिथे चालत नाही, उच्च न्यायालयातच जावं लागतं. पीटीसी इंडिया प्रकरणात घटनापीठाने २०१० मध्ये ही रेघ आखून दिली.

२०१६ पासून विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि डी व डी प्लस (औद्योगिकदृष्ट्या मागास) क्षेत्रांतल्या उद्योगांना वीजदरात जी सवलत दिली गेली ती मात्र शासन निर्णयातून आलेली. तिचा निर्णय पूर्णपणे मंत्रिमंडळाच्या हातात. ती कमी करताना राजपत्रात मसुदा छापून हरकती मागवण्याचं बंधन सरकारवर नाही. तिथे मंत्र्यांना भेटणं, आमदारांकडून प्रश्न लावून घेणं, अर्थसंकल्पाआधी वित्त विभागापर्यंत आकडे पोचवणं हाच खरा मार्ग. सवलतीच्या लेखी आश्वासनावर विसंबून कुणी कारखाना उभारला आणि मुदतीच्या आत ती काढून घेतली तर मोतीलाल पदमपत शुगर मिल्स (१९७९) या निकालाचा आधार मिळू शकतो. पण त्यासाठी गुंतवणूक त्या आश्वासनामुळेच केली हे तारखांनिशी दाखवावं लागतं. आधी उभ्या असलेल्या कारखान्याला हा मुद्दा फारसा उपयोगी नाही.

आणि काही कागद राज्याचे नसतातच. डाळीच्या व्यापाऱ्यांना २०२१ चा साठामर्यादेचा आदेश आठवत असेल. २ जुलैला केंद्राने अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली घाऊक व्यापाऱ्याला २०० टन आणि त्यातही एका डाळीची कमाल १०० टन अशी मर्यादा घातली. मिलसाठी मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जास्त असेल ते. १९ जुलैला ती सैल झाली: घाऊकला ५०० टन, मिलला सहा महिन्यांचं उत्पादन किंवा ५० टक्के क्षमता. हा बदल दिल्लीतून झाला. अंमलबजावणी जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे होती, म्हणून कितीतरी लोक त्याच्याकडेच भांडत राहिले. अंमलबजावणी करणारा आणि नियम करणारा हे वेगळे असू शकतात, हे आदेशाच्या पहिल्या वाक्यातच कळतं.

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा, ज्याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं: मसुदा. अनेक अधिनियमांत 'पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून' नियम करण्याचा अधिकार दिलेला असतो. तसं असेल तर सर्वसाधारण खंड अधिनियमाचं कलम २४ लागतं. मसुदा छापायचा, कोणत्या तारखेनंतर तो विचारात घेणार ते सांगायचं, तोपर्यंत आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या, मग अंतिम नियम. त्याच कलमाने अंतिम नियम राजपत्रात आला की तो रीतसर झाला याचा निर्णायक पुरावा मानायला सांगितलं आहे. 'आमचं ऐकलंच नाही' हा मुद्दा नंतर फार अवघड होतो तो यामुळे. जे काही म्हणायचं ते मसुद्याच्या मुदतीत कागदावर आलं पाहिजे. काही अधिनियमांत तातडीच्या कारणास्तव पूर्वप्रसिद्धी वगळायची मुभा असते. तेव्हा ते कारण अधिसूचनेत लिहिलं आहे का, ते पाहा.

बांधकाम नियमावलीत तर आणखी एक वळण आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियमाच्या कलम ३७(१अअ) खाली हरकतींसाठी एक महिना देणारी सूचना निघते, आणि अनेकदा त्याच वेळी कलम १५४ खालच्या निदेशाने तो बदल ताबडतोब लागूही केला जातो. गोदाम वाढवायचं असेल किंवा नवीन शेडचा नकाशा टाकायचा असेल तर दोन्ही सूचना वाचा. बदल लागू झालाय म्हणून हरकतीची संधी संपली असं समजू नका. आपल्या भागाची सुनावणी साधारणपणे नगर रचना सहसंचालक, नाशिक विभाग यांच्याकडे असते.

हरकत लिहिण्याची रीत सांगतो, कारण संघटनांची बहुतेक पत्रं वाचण्याच्या लायकीची असूनही मोजली जात नाहीत. पत्र मंत्र्यांच्या नावाने आणि सूचनेत दिलेल्या अधिकाऱ्याला प्रतच नाही, ही पहिली चूक. सूचनेत जो पत्ता किंवा ईमेल दिला असेल तोच विहित पत्ता. त्यावर स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्ही पाठवा. मुदतीचे दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजतात, वर्तमानपत्रात बातमी आल्यापासून नाही. धुळे-नंदुरबारकडे बातमी आठवडाभर उशिरा पोचली म्हणून कुणी आठवडा वाढवून देत नाही. एकाच मजकुराची झेरॉक्स दोनशे सह्यांनी पाठवली तर खात्याच्या हरकतींच्या तक्त्यात ती एकच हरकत म्हणून येते. त्याऐवजी संघटनेचं एक सविस्तर पत्र, आणि आठ-दहा कारखान्यांची प्रत्येकाच्या स्वतःच्या आकड्यांची छोटी पत्रं पाठवा.

मजकुराचा गाभा असा ठेवा. मसुद्याचा क्रमांक आणि दिनांक, मग ज्या नियमाबद्दल बोलायचं त्याचा क्रमांक. मसुद्यातले शब्द जसेच्या तसे. त्याखाली तुम्हाला हवे असलेले शब्द, नियमाच्याच भाषेत तयार. मग कारण. 'लघुउद्योग उद्ध्वस्त होईल' हे कारण झालं नाही. दिवसाला २० टन डाळ काढणाऱ्या मिलला नवी यंत्रणा बसवायला किती लाख, चालवायला महिन्याला किती युनिट वीज, टनामागे खर्च किती रुपयांनी वाढतो, ती यंत्रणा पुरवणारे किती आणि ऑर्डरपासून बसवेपर्यंत किती आठवडे, हे लिहा आणि सोबत कोटेशन जोडा. कक्ष अधिकारी हरकतींचा तक्ता करतो: हरकत, विभागाचे अभिप्राय, निर्णय. तुमचे शब्द त्या रकान्यात जसेच्या तसे उतरतील असं लिहिलं तर तो तक्ता अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री आणि विधी व न्याय विभाग असा वर चढतानाही तुमचा मुद्दा शाबूत राहतो.

नियम सरसकट रद्द करा, ही मागणी क्वचितच मान्य होते. तीन मागण्या मात्र बऱ्याचदा पदरात पडतात आणि प्रत्यक्षात त्याच जास्त कामाच्या: अंमलात येण्याची तारीख पुढे नेणं, लहान कारखान्यांसाठी उंबरठा ठरवून वगळणं, आणि चालू परवाना किंवा संमतीची मुदत संपेपर्यंत जुन्या अटी चालू ठेवणारं व्यावृत्ती कलम. शेवटचं मागायला लोक विसरतात. ते नसेल तर कालच नूतनीकरण केलेल्या परवान्यावरही नव्या अटी लागतात का, हा वाद उभा राहतो.

मसुदा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असेल तर दोन्ही वाचा. संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात छापलेला इंग्रजी अनुवाद न्यायालयात अधिकृत पाठ मानला जातो. 'आणि'च्या जागी 'किंवा', 'अश्वशक्ती'च्या जागी 'किलोवॅट' असे फरक मसुद्यातच दाखवून दिले तर सहज सुधारतात, नंतर नाही.

मुदत संपल्यावर गप्प बसू नका. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(ग) आणि (घ) प्रमाणे महत्त्वाची धोरणं ठरवताना संबंधित तथ्यं प्रसिद्ध करणं आणि निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना सांगणं हे सरकारचं कर्तव्य आहे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये फी, विषय एकच आणि मर्यादा १५० शब्द. 'अमुक मसुद्यावर आलेल्या हरकतींचा तक्ता, त्यावरील अभिप्राय आणि विधी व न्याय विभागाची टिपणी यांच्या प्रती' एवढंच मागा. 'का केलं' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. नस्ती (फाइल) पाहायला मिळाली की हरकत विचारात घेतली की नुसती 'नोंद घेतली' शेरा मारून बाजूला ठेवली, ते कळतं. पुढे न्यायालयात याच कागदावर उभं राहता येतं.

अंतिम नियम आल्यानंतर विधिमंडळाचा टप्पा उरतो. नियम दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवायचे असतात आणि सभागृहांनी सुधारणा सुचवली किंवा नियम नामंजूर केला तर तो त्यापुढे त्याप्रमाणे चालतो. आधी झालेल्या कारवाईला धक्का लागत नाही. हे काम बघायला उपविधान समिती आहे. नियम पटलावर ठेवलाच नाही म्हणून तो रद्द होतो असं मात्र नाही. ॲटलस सायकल प्रकरणात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने ही अट निदेशात्मक मानली, म्हणजे पाळायला हवी, पण न पाळल्याने नियम पडत नाही. तुमच्या आमदारांना पत्र द्यायचं तर 'अन्याय दूर करा' असं देऊ नका. नियमाचा क्रमांक, हवी ती सुधारणा आणि समितीपुढे मांडायचे तीन मुद्दे एका पानावर द्या. आमदारांचा हात इथे मंत्र्यांच्या फोनपेक्षा लांब पोचू शकतो, आणि या वाटेचा वापर इतका कमी होतो याचं वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या काही राज्यांत गव्हर्नरच्या बाजूने नियमांवर नजर ठेवणारी कायमची यंत्रणा असते. अ‍ॅरिझोनात गव्हर्नरच्या नियम पुनरावलोकन परिषदेच्या मंजुरीशिवाय बहुतेक नियम लागू होत नाहीत आणि खात्यांना दर पाच वर्षांनी जुन्या नियमांचा आढावा द्यावा लागतो. व्हर्जिनियात २०२२ मध्ये असंच एक कार्यालय उभं राहिलं. आपल्याकडे नियमाचा आर्थिक भार मोजून 'हा परत न्या' असं खात्याला सांगणारं एक टेबल नाही. ती तपासणी विधी व न्याय, वित्त, नियोजन आणि मंत्रिमंडळ यांच्यात विखुरलेली असते आणि विधी व न्याय विभाग मुख्यतः कायदेशीरपणा बघतो, खर्च नाही. म्हणून खर्चाचा आकडा तुमच्याच हरकतीतून नस्तीत गेला पाहिजे. तो दुसरं कुणी घालणार नाही.

योग्य वाटेने केलेला बदल कसा दिसतो याचं उदाहरण जळगावच्या प्लास्टिक व्यवसायाने जवळून पाहिलं आहे. २३ मार्च २०१८ ला पर्यावरण विभागाने महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम, २००६ खाली प्लास्टिक व थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली. साठा संपवायला ठराविक मुदत. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. आंदोलनं झाली, मंत्र्यांच्या बैठका झाल्या, उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये स्थगिती नाकारली. सूट मिळाली ती ३० जूनच्या दुरुस्ती अधिसूचनेने: ५० मायक्रॉनपेक्षा जाड किरकोळ वेष्टनाला, परत घेण्याच्या जबाबदारीच्या अटीवर. बैठकीतलं आश्वासन आणि ही अधिसूचना यांमधल्या दिवसांत ज्याने माल विकला त्याला दंड बसू शकत होता. तुमच्या बाबतीतही मंत्री अनुकूल असतील तर त्यांच्याकडे स्थगितीचं पत्र मागू नका. दुरुस्तीचा मसुदा काढा म्हणा, आणि तो मसुदा लिहून न्या.

जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते आणि जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक तिचं काम बघतात. या समितीला नियम बदलता येत नाही. पण विषय इतिवृत्तात नोंदवून घ्या. 'ठराव क्रमांक अमुकप्रमाणे शासनाकडे प्रस्ताव पाठवला' ही ओळ मंत्रालयातल्या नस्तीला जोडता येते. लोकशाही दिन वैयक्तिक तक्रारींसाठी आहे, धोरणाच्या विषयासाठी तिथे वेळ घालवू नका. परवाना किंवा दाखला अडला असेल आणि ती सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल तर मात्र त्याच वाटेने जा. ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्यानंतर दुसरं, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती आहे आणि ती त्याच्या नावावर बसते, त्यामुळे फाइल हलते.

न्यायालय शेवटी. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. नियम रद्द होण्याची कारणं तमिळनाडू विरुद्ध पी. कृष्णमूर्ती (२००६) या निकालात मोजून दिली आहेत: करण्याचा अधिकारच नसणं, मूलभूत हक्कांचा किंवा संविधानाचा भंग, मूळ अधिनियमाच्या बाहेर जाणं, दुसऱ्या कायद्याशी विसंगती, आणि उघड मनमानी. 'परवडत नाही' हे यात नाही. परवडत नाही हा मुद्दा हरकतीच्या टप्प्यावर जिंकायचा असतो.

तुमच्या नोटिशीपुरतं आजचं काम सांगतो. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा, त्यात उत्तराची मुदत किती ते पाहा आणि मुदतीत लेखी उत्तर द्या. उत्तरात स्थगितीच्या पत्राचा उल्लेख करा, पण त्यावर उभे राहू नका. पैसे भरावे लागले तर 'हक्क राखून, निषेधासह' असं चलनासोबतच्या पत्रात लिहून भरा, म्हणजे परतावा मागायची जागा राहते. मूळ अधिसूचनेची राजपत्रातली प्रत आणि तिचा मसुदा निघाला होता का, याचा शोध आजच सुरू करा. पूर्वप्रसिद्धीची अट असूनही मसुदाच निघाला नसेल, किंवा विहित फी परिपत्रकाने वाढवली असेल, तर वकिलाकडे लगेच जा. दोन्ही गोष्टी रीतसर झाल्या असतील तर याचिकेचा खर्च वाचवा आणि तोच वेळ दुरुस्तीच्या मसुद्यावर घाला.